घाव बसला की नाही

वही कँटीनमधल्या फ्रिजच्या दांडीला
सुतळीनं बांधलेली असते.
पहिल्या पानावर गुन्वोरचं अक्षर:
तीस वर्षं मासळीच्या पेट्या मोजणाऱ्या बाईचं,
एकावर एक रचलेलं, खाली बर्फ घातल्यासारखं.

आपला माणूस आपण लिहायचा.
दुसऱ्याच्या माणसाच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत
आणि पायात चालही नाही.
बाहेरचं बोलायचं तर कंसात.
आठ दिवसांवर कुणाला ताटकळत ठेवू नये.
वहीवर हेरिंग ठेवू नये
(हा नियम नंतरचा, वेगळ्या शाईत).

वार्डोत सूर्य आता जानेवारीतच दिसणार.
गोष्टीत मात्र भट्टीसारखं ऊन आहे,
मिठाचं वाळवंट, एकच विहीर.
वाइदोतास पहाटे लिहितो, फोर्कलिफ्ट चार्जिंगला लावून.
त्याचा काणा सरदार फार बोलत नाही.
शिवनेस्वरी दुपारी (दुपार म्हणायची आपली)
एकाच हाताचा मोजा काढून;
विहिरीवरची म्हातारी तिची, तोंडानं फटकळ.
गुन्वोर निवृत्त झाली, तरी गुरुवारी येते,
दोन ओळींत मीठ विकते आणि जाते.
वाटाड्या माझा.

एक्केचाळिसाव्या पानावर सरदारानं
रात्री विहिरीत काहीतरी टाकलं.
मी वाचलं होतं.
वाटाड्या तेव्हा झोपलेला होता.
म्हणून सकाळी तो उठला, ओंजळ भरली,
आणि मी, सगळं माहीत असलेला मी,
त्याला पाणी पाजलं.
गुन्वोरनं समासात एक बारीक टिंब काढलं.
तिची शाबासकी एवढीच असते.

मग ते प्रकरण झालं.
शिफ्टच्या साहेबाला मीच सांगितलं होतं
वाइदोतास दोनदा उशिरा आला ते.
विचारलं म्हणून सांगितलं.
विचारलं नसतं तरी सांगितलं असतं बहुतेक.
त्याची रविवारची जादा पाळी गेली,
क्लायपेडाला पैसे जायचे ते त्याच पाळीचे.
तो मला काही बोलला नाही.
लॉकरसमोर बाजूला सरकून वाट दिली फक्त.

पहाटेच्या पानावर एवढंच होतं:
सरदार तलवार उपसतो.
वाटाड्याच्या मानेच्या रोखानं उगारतो.
आणि पूर्णविराम. पेनानं कागद भोकलेला.

इतका राग, आणि तरी तिथं थांबला तो.
वार करायचा त्याचा हक्क,
बसला की नाही ते माझ्या हातात.
गुन्वोरचा तिसरा नियम.
आम्ही हसायचो त्याला, वकिली म्हणायचो.

मी वही उघडायचो, मिटायचो.
वाटाड्या चपळ आहे, पान नऊवर मीच तसं लिहिलंय.
वाळूत लोळण घेऊन सुटला असता सहज.
कुणी हरकत घेतली नसती.
सहा दिवस ती तलवार हवेत राहिली.
शिवनेस्वरीनं डबा फ्रिजमध्ये ठेवताना
वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग डब्यातलं लोणचं थोडं मला काढून दिलं.

सातव्या दिवशी लिहिलं:
वाटाड्या हलत नाही.
घाव बसतो. मानेवर नाही, खांद्यात. खोल.
पुढे कंस उघडला.
बराच वेळ उघडाच होता.
आत घालण्याजोगं सापडेना,
तसाच बंद केला.

दुसऱ्या दिवशी त्याचं अक्षर:
सरदार पटका सोडतो, उभा फाडतो,
अर्धा पुढे करतो.
(बांधून घ्यायचा का, तुझा माणूस ठरवेल.
तुझ्या कंसातलं वाचलं.)

त्याच्याच खाली, ओल्या बोटांच्या डागासकट,
विहिरीवरची म्हातारी:
तुमचं उरकलं असेल तर दोर ओढायला या कुणीतरी.
पाणी अजून कडूच आहे.